माझ्या तोंडावरचं, भावजींच्या अंगावरचं

ये, जवळ ये जरा. तू तिकडं नि मी इकडं, हे मला कळतं. पण वाचताना तरी माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्यासारखी बस, म्हणजे मला नीट रागावता येईल. परवा फोनवर काय म्हणालीस? "आजी, तोंड जरा बरं झालं की येते." अगं बये, तोंड बरं व्हायची वाट बघत कुणी आजीकडं यायचं थांबतं का? आणि ते तोंड बरं करायला काय काय फासलंस ते तूच सांगितलंस. एक मलम मैत्रिणीचं, एक मोबाइलमध्ये बघून आणलेलं, वर झोपताना डोक्याला चापून खोबरेल. कपाळावर सगळ्या एकसारख्या बारीक पुळ्या, खाजतात, आणि पिंपलचं औषध लावलं तर आणखी पसरतात, म्हणालीस. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय.

पुळी दिसली म्हणजे मुरूमच, असं नसतं पोरी. सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी असतात आणि त्यांचं गोत्र वेगळं असतं. हे मला कळेपर्यंत माझा संसार मोडायला आला होता. फोनवर सांगितलं असतं, पण मला अर्धं ऐकू येत नाही आणि तुला अर्धं ऐकायला वेळ नसतो. म्हणून लिहिते. लिहायला मी उशिरा शिकले, तुझ्या बापाच्या पाटीवर, तेव्हा कुठं चुकलं तर हसू नको.

मी लग्न होऊन पुनावळ्यात आले तेव्हा माझं वय तुझ्याहून कमी होतं. माहेर चाकणकडचं, घरची शेती. सासरीही शेतीच. घरात माणसं चारच. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. मामंजी आधीच गेलेले. मग तुझे आजोबा, त्यांचे धाकटे भाऊ म्हणजे माझे भावजी, आणि मी. चार माणसांचं घर म्हटलं की लोकांना वाटतं काम थोडं. काम माणसं मोजून येत नाही गं. विहिरीचं पाणी, गोठा, चूल, दळण, रानात जेवण पोचवायचं, परत धुणं. दिवस उजाडायच्या आधी पाठ दुखायला लागायची आणि दुपारपर्यंत ती दुखतेय हेही विसरायला व्हायचं.

त्यात माझं तोंड. माहेरीच सुरू झालेलं. कपाळावर, गालावर, हनुवटीवर, पाठीवरसुद्धा. काही नुसते टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके, काही कातडीखाली तांदळाच्या कणीसारखे दाणे, आणि मधूनच एखादी लालबुंद गाठ, हात लावला तरी डोळ्यात पाणी आणायची. एक बरी होते न होते तोवर दुसरी. जुन्याचे डाग तसेच. आईनं हळद लावली, मसूर वाटून लावला, मग म्हणाली, लग्न झालं की जाईल. लग्न झालं. ते काही गेलं नाही, माझ्याबरोबर सासरी आलं.

आता भावजींचं सांगते. पिंपरीकडं तेव्हा कारखान्यांच्या भिंती नुकत्या उभ्या राहत होत्या. पुनावळ्यातनं कारखान्यात लागणारे ते पहिल्या दोन-चार जणांतले. सायकलीवरनं पवना ओलांडून जायचे. लेथवर काम, म्हणजे लोखंड गरागरा फिरतं आणि ते तासायचं. तापू नये म्हणून त्यावर सारखं तेल सोडायचं, आणि ते तेल उडून माणसाच्या हातावर, मांडीवर बसायचं. संध्याकाळी घरी आले की लांबूनच वास यायचा. पँट मांडीशी तेलानं इतकी कडक झालेली असायची की दोरीवर न टाकता भिंतीला टेकवून ठेवावी. त्याच पँटीवर सायकल दामटत एवढ्या लांबून यायचे. हात पुसायला कारखान्यात सुताचे बोळे मिळायचे, त्यात लोखंडाचा बारीक कीस अडकलेला. त्यानंच खसाखसा कोपरापर्यंत पुसायचं. तिथली रीतच ती.

पहिला उन्हाळा संपता संपता त्यांच्या हातांवर नि मांड्यांवर पुळ्या आल्या. आत्याबाईंनी त्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि दोन्ही एकच ठरवलं. "रगत नासलंय दोघांचं." करंजाचं तेल काढलं. एका वाटीत. तीच वाटी संध्याकाळी आधी त्यांच्या अंगाला, मग माझ्या तोंडाला. वर, पुळी उघडल्याशिवाय औषध आत जात नाही म्हणून टाच घासायची वजरी घेऊन त्यांच्या मांड्या घासायच्या. बिचारे दात आवळून बसायचे. कारखान्यात दिवसभर तेल, घरी आल्यावर परत तेल. आणि माझं तोंड तर असं चमकायचं की चुलीसमोर बसले तर परसदारच्या कोंबडीला माझ्यात दिवा दिसावा.

दोघांचंही वाढलं.

त्याच सुमारास भावजींचं लग्न काळेवाडीच्या मुलीशी ठरलं. मुलगी चांगली, घर चांगलं, आत्याबाईंच्या मनासारखं. त्या वर्षी त्यांना मी हसताना बघितलं ते तेवढंच. तारीख पक्की करायला मुलीचा मामा आला. बोलका माणूस, अंगणात खाटेवर ऐसपैस बसला. नेमके भावजी कामावरनं आले, नि पाहुणे आहेत हे न बघता पंचा नेसून न्हाणीच्या दगडावर पाणी घेऊ लागले. मामाची नजर गेली.

"हे काय वो, जावईबापू? अंगावर काय उठलंय हे?"

आत्याबाईंनी पापणीही लवू दिली नाही. "त्याचं काय न्हाई त्यात. त्यो निरोगी हाय. आमची थोरली सून म्हायेरनं तोंडावर घिऊन आली, तिचंच लागलंय त्याला."

मी तेव्हा चहाच्या कपबशा घेऊन उंबऱ्यातच होते. पुढं जाता येईना, मागं फिरता येईना. मामानं माझ्या तोंडाकडं बघितलं, बैलाचे दात बघावेत तसं.

"व्हय, दिसतंय की." कप घेतला, पण तोंडाला लावला नाही. "मग इहीणबाई, येक इचारतो, राग मानू नका. तुमच्यात हळद पयली कोन लावतं?"

"घरच्या सवाष्णी."

"म्हंजी ही. ही नवऱ्याला हळद लावनार. तीच उष्टी हळद वाटीतनं आमच्या पोरीकडं येनार, तिच्या तोंडाला लावाया. आँ? आमी काय लगीन करतोय का पोरीच्या तोंडाची माती करतोय?"

उष्टी हळद तुला माहीत नसेल, हल्ली नुसती फोटोपुरती असते. आधी नवऱ्याला हळद लावायची, त्यातली उरलेली वाजतगाजत नवरीच्या घरी न्यायची, मग तीच तिला. त्याच्या अंगाची हळद तिच्या अंगाला लागली की अर्धं लग्न तिथंच झालं, असं मानायचे. तेव्हा मामा बोलला त्यात त्याच्या परीनं खोट नव्हती. मामाच्या जागी असते तर मीही तेच विचारलं असतं.

"हळदीच्या आदी हिला म्हायेरी धाडा," मामा म्हणाला. "बरी झाली की आना माघारी. तवर आमाला घोर नको."

"धाडते," आत्याबाई म्हणाल्या. बैल विकायला काढताना सुद्धा माणूस एवढ्या लवकर हो म्हणत नाही.

हे, म्हणजे तुझे आजोबा, तिथंच कडब्याच्या पेंढीवर बसले होते. काडीनं जमीन उकरत राहिले. त्यांचं मौन तू बघितलेलं नाहीस, तुझ्या जन्माआधीच ते गेले. दगडाला बोलतं करावं पण त्यांना नाही.

माहेरी जायचं म्हटल्यावर इतर मुली हसतात. मला भलतंच आठवलं. आमच्या माहेरच्या गावात एक बाई होती. अंगावर काहीतरी उठलं म्हणून सासरच्यांनी आणून सोडलेली, "बरी झाली की नेऊ" सांगून. ती बरी झाली. न्यायला कुणी आलं नाही. भावाच्या घरी भांडी घासत तिचे केस पांढरे झाले. मला तीच दिसायला लागली, तिचं ते ओसरीच्या कोपऱ्यात बसणं. रडले वगैरे नाही. रडायला सुद्धा अंगात काही शिल्लक लागतं.

मग माझं ताट वेगळं झालं. भाकरीच्या पिठाला हात लावायचा नाही, माठाला नाही, लग्नाच्या धान्याला नाही. धुण्याला मात्र लावायचा. शेणालाही. म्हणजे जे हात सगळ्यांना बाधत होते ते भावजींच्या तेलकट पँटी दगडावर आपटायला चालत होते. एकदा असंच परसात पँट घासत बसले होते. साबण फेस धरेना, तेल निघेना, आणि हातातली ताकद संपलेली. भावजी आले, सायकल भिंतीला लावली, जरा वेळ बघत उभे राहिले.

"वयनी, येक इचारू?"

"इचारा."

"आमच्या खात्यात लेथवर चौघांना हाय हे. हातावर न् मांडीवर, असंच्या असं. त्यांनाबी तुमीच दिलं व्हय?"

मला हसू फुटलं. किती दिवसांनी हसले म्हणून तोंडावरची गाठ ताणून दुखली. "व्हय तर, ग्येले हुते मी पाटीत घिऊन वाटाया."

ते हसले नाहीत. तडक आत गेले आणि आईला तेच म्हणाले. मला परसात ऐकू येत होतं.

"आई, हे वयनीचं न्हाई. कारखान्याचं हाय."

"गप रं. कारखान्याचं म्हनलास तर त्ये म्हनतील, पोराला कारखान्यात काय रोग लागला कुनाला म्हाईत. तुला लगीन मोडायचं हाय का?"

"म्हनून वयनीच्या माथी मारायचं?"

"ती काय मरती का म्हायेरी ऱ्हाऊन? लगीन हुंदे. खरं खोटं मागनं बघू."

ऐकलंस? त्यांना शंका होती. तरीही. मला तेव्हा राग यायला हवा होता. पण मी पँट पिळली आणि दोरीवर टाकली. आज विचार करते तर वाटतं, नवरा गेलेली बाई, एक पोर मार्गाला लावायचं राहिलेलं, तिला हातात सापडेल ती काठी टेकायची होती. सापडले मी.

माहेरी जायचा दिवस आला. ह्यांनी गाडी जुंपली. मी गाठोडं बांधलं, त्यात दोन लुगडी नि वाटेतली भाकरी. आत्याबाई उंबऱ्यापर्यंत आल्या, माझ्या कपाळाला देवाचा अंगारा लावायला बोट पुढं केलं आणि ते तिथंच थांबलं. अंगाऱ्याची पुडी माझ्याकडं सरकवली. "तूच लाव." ते बोट मला अजून दिसतं.

पुनावळ्यातनं चाकणला जायचं तर चिंचवडवरनं वाट. चिंचवडात स्टेशनाकडं वळताना ह्यांनी कासरा ओढला आणि बैल थांबवले. मला वाटलं, पाणी पाजायचं असेल. बघते तर समोर भावजी, पहिल्या पाळीवरनं सुटून तसेच आलेले, अंगावर तेलाचे कपडे. मागं एका डॉक्टरचा दवाखाना.

"उतर," हे म्हणाले. तेवढंच. दोघा भावांनी आपसात ठरवलं होतं, आत्याबाईंना न सांगता. तो दगड बोलला नव्हता, पण हलला होता.

डॉक्टर वयस्कर होते आणि माझ्याइतकेच दमलेले दिसत होते. बाकावर खोकणारी पोरं, पाय सुजलेल्या बाया, आणि त्यात आम्ही. आमची पाळी आल्यावर त्यांनी विचारलं, "काय होतंय?"

हे म्हणाले, "हिला म्हायेरी सोडाया निघालोय. हिचं ह्याला लागलंय का, येवढंच बघायचं."

डॉक्टरांनी आम्हा दोघांना खिडकीशी उजेडात उभं केलं. मला विचारलं, हे कधीपासून, पाठीवर आहे का, खाजतं का. म्हटलं, खाजत नाही, ठणकतं. मग विचारलं, "पाळीच्या आधी वाढतं का?" मी खाली बघितलं. भावजींनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. हे बाहेरच्या बैलांकडं बघायला लागले, जणू ते सुटून चाललेत. मी मान हलवली.

भावजींना विचारलं, कधीपासून. कारखान्यात लागल्यापासून. खाजतं? "लई." तोंडावर? नाही. छातीवर? नाही. मग त्यांना पँट गुडघ्याच्या वर घ्यायला लावली, आणि एक भिंग काढून बराच वेळ बघत बसले. काही न बोलता ते भिंग त्यांनी माझ्या हातात दिलं.

"बघा बाई. काय दिसतं?"

दिराच्या मांडीकडं बघायचं म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं. पण बघितलं. प्रत्येक पुळीच्या बरोबर मधोमध एक केस. बारीक, पांढऱ्या पुवाच्या टोकातनं वर आलेला. एक नाही, दोन नाही, जिथं बघावं तिथं तसंच. आणि सगळ्या एका मापाच्या, एकाच दिवशी पेरलेली ज्वारी एकदम उगवावी तशा.

"केस हाय मदी," मी म्हटलं. "सगळ्यांत."

"आता हा आरसा घ्या, आणि तुमचं तोंड बघा."

भिंगातनं आपलं तोंड कुणी बघू नये. पण दिसलं ते असं, की माझ्यात सगळ्या वयाचं एकत्र नांदत होतं. काळे ठिपके, बंद दाणे, सुजलेली गाठ, वाळलेली खपली, जुना डाग. मधोमध केस असा कुठं नाही.

डॉक्टर बसले. समजावायचे तर सावकाश, शब्द मोजून. म्हणाले, "हिचं वयाचं आहे. कातडीच्या आतच तेल तयार होतं, ते बाहेर यायची वाट बुजते, मग ठिपका होतो, दाणा होतो, सुजला तर गाठ. ह्याचं तेल बाहेरचं आहे. ते केसाच्या मुळाशी जाऊन बसतं, वर तेलकट कापड घासतं, ते मूळ सुजतं आणि पिकतं. गावात केसतोड म्हणता ना? हे बारके केसतोडच."

"केसतोड येक असतो वो," हे म्हणाले. "आन् ह्येवढा मोठा असतो."

"मोठा होतो तेव्हा तुम्हाला दिसतो. बारके असले की त्याला मुरूम म्हणता."

"मग हिचं लागत न्हाई कुनाला?"

"नाही. हिनं कणीक मळली, हळद लावली, लेकराचा मुका घेतला, काही होत नाही." थोडं थांबून त्यांनी ह्यांच्या गळ्याकडं बघितलं. "तुमच्या जबड्याखाली काय आहे ते?"

ह्यांचा हात दाढीवर गेला. दोन-तीन पुळ्या होत्या, आमच्या कुणाच्या ध्यानातही नव्हत्या.

"दाढी कशानं करता?"

"वस्ताऱ्यानं."

"कोणाच्या?"

ह्यांनी भावजींकडं बघितलं. भावजी हळूच म्हणाले, "माज्याच. पंचाबी येकच हाय आमचा."

"मग लागायचंच झालं तर हे लागेल. पिकलेल्या पुळीचा पू वस्ताऱ्यानं नि पंचानं दुसऱ्याच्या केसाच्या मुळाशी जातो. हिला गाडीत घालून कुठं निघालात तुम्ही?"

मला मोठ्यानं हसावंसं वाटलं आणि तिथंच भिंतीला टेकून झोपावंसंही वाटलं. घरादाराला ज्याचं भय वाटत होतं ते माझ्या तोंडावर होतं आणि ते कुणाला बाधत नव्हतं. ज्याला कुणी भीत नव्हतं ते खुंटीवर पंचाबरोबर टांगलेलं होतं.

मला गंधकाचं औषध दिलं आणि बजावलं, तोंडाला तेल नको, नखानं पिळायचं नाही, धीर धरायचा. भावजींना जांभळं औषध, तिथल्या तिथं कापसानं लावलंसुद्धा. करंजेल बंद, वजरी बंद. कामाचे कपडे उकळत्या सोड्याच्या पाण्यात धुवायचे, तेलाची पँट घालून घरी यायचं नाही, पंचा नि वस्तारा ज्याचा त्यानं. मी मनात म्हटलं, उकळतं पाणी म्हणजे सरपण आणि सरपण म्हणजे मी. पण बोलले नाही.

बाहेर आलो. भावजी सायकलीवरनं पुढं गेले. मी गाडीत बसले. ह्यांनी कासरा हातात घेतला आणि तसेच उभे राहिले. समोर वाट फुटत होती, एक चाकणला, एक माघारी नदीकडं.

"कुटं वळू?" माझ्याकडं न बघता विचारलं.

"मला काय इचारता? भाकरी माज्या गाठोड्यात हाय. जिकडं न्याल तिकडं खाईन."

मग त्यांनी बैलांची तोंडं नदीकडं फिरवली.

घरी आत्याबाई भडकल्या. "डागदर काय लगीन लावून देतो व्हय? मामाला काय सांगू मी आता?" भावजी म्हणाले, तू काही सांगू नको, मी सांगतो. आणि दुसऱ्या दिवशी तसेच जांभळे हात घेऊन काळेवाडीला गेले. नवरामुलगा लग्नाआधी स्वतः सोयऱ्याच्या दारात जातोय, हे तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं. तिथं काय झालं ते मला पुढं माझ्या जावेनं, म्हणजे त्या नवरीनंच सांगितलं. ती दाराआड उभी होती. भावजींनी बाह्या वर केल्या, म्हणाले, हे माझं आहे, कारखान्याच्या तेलाचं आहे, वहिनीचं यात काही नाही, तिचं नाव घेऊन हे लग्न होणार असेल तर मला नको.

मामानं म्हणे वाकून दोन्ही हात नीट बघितले. "म्हंजी कारखाना सोडला की जाईल?"

"कपडे धुतले की जाईल."

"आन् कपडे कोन धुनार?"

"आता वयनी धुती. मागनं तुमची भाची."

मुलीच्या आईला हसू आवरेना. "जांभळा नवरदेव," ती म्हणाली, आणि तिथं ते मिटलं. ठरलं एवढंच, की उष्टी हळद जांभळ्या हातांवरची नको, कपाळाची घ्यायची. कपाळ स्वच्छ होतं.

हळदीच्या दिवशी मी मागं, चुलीपाशी होते. बोलावतील असं मला वाटलं नव्हतं, आणि खरं सांगू, इतकी दमले होते की न बोलावलं तर बरं, तेवढीच पाठ टेकेन, असंही वाटत होतं. अंगणात बाया जमलेल्या, काळेवाडीच्याही चार आलेल्या, मामाची बायको त्यांत. आत्याबाईंनी हाक मारली. बाहेर गेले तर हळदीची वाटी माझ्या हातात दिली. तेलात कालवलेली नव्हती, दुधात कालवली होती. म्हणजे डॉक्टरांचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं, मानलं नाही असं दाखवत.

आमच्यात हळद आंब्याच्या पानानं टेकवायची रीत. मी पान उचललं. तर आत्याबाई मोठ्यानं, काळेवाडीच्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पान कशाला गं? हातानं लाव. चांगली हातानं लाव."

मी हातानं लावली. भावजींच्या कपाळाला, मग पायांना. तीच हळद वाटीतनं काळेवाडीला गेली आणि जावेच्या तोंडाला लागली. तिच्या तोंडावर जन्मात एक पुळी उठली नाही. आत्याबाई त्याहून जास्त काही बोलल्या नाहीत, तेव्हाही नाही नि पुढंही नाही. मला जे मिळालं ते तेवढंच आणि मी ते ठेवून घेतलं.

आता सगळं गोड झालं असं समजू नको. माझं तोंड तुझा बाप झाल्यावरही बरीच वर्षं तसंच होतं, मग हळूहळू निवलं, डाग राहिले. गालावरचे खड्डे तू लहानपणी बोटानं मोजायचीस ते तेच. भावजींचं धुण्यानं गेलं, पण पँट बदलायचा कंटाळा केला की परत यायचं. आणि सोड्याच्या उकळत्या पाण्यानं माझ्या हातांच्या कातडीला भेगा पडल्या त्या पडल्याच. जाऊ आल्यावर आम्ही दोघी मिळून धुवायचो. दोघी मिळून दमायचो, एवढाच फरक.

तर तुझं. मी डॉक्टर नाही, तेव्हा माझ्यावर विसंबू नको. पण आरसा घे आणि दिवसाच्या उजेडात बघ. काळे ठिपके आहेत का, लहानमोठं सगळं मिसळलेलं आहे का, का सगळ्या एका मापाच्या? मधोमध केस दिसतो का? तू म्हणालीस एकसारख्या, खाजऱ्या, केसांच्या कडेनं, आणि वर रोज तेल. मला भावजींची मांडी आठवली, काय करू! ते खोबरेल आधी बंद कर. मैत्रिणीचं मलम तिचं तिला दे. आणि कातडीच्या डॉक्टरला दाखव, मोबाइलला नको.

पण ते सगळं इकडं येऊन गेल्यावर कर, नाहीतर आधी कर, मला चालेल. तोंड बरं होईपर्यंत थांबू मात्र नको. तोंडासाठी मला एकदा घराबाहेर काढत होते, आता त्याच कारणानं तू आपण होऊन बाहेर राहतेस, हे माझ्यानं बघवत नाही. माझी नजर अधू झालीय, मला तुझ्या पुळ्या दिसायच्याही नाहीत, हात फिरवूनच बघावं लागेल. तुझा पंचा मी वेगळा धुऊन ठेवलाय. येत्या रविवारी ये गं. दारातल्या उजेडात बसू जरा वेळ.